आवारात पडलेल्या काळ्या अक्रोडांचं काय करायचं?

प्रश्न: आम्ही यंदा वसंतात ओहायोत, कोलंबसजवळ घर घेतलं. मागच्या आवारात ब्लॅक वॉलनटचं जुनं, उंच झाड आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून त्याची हिरवी फळं धपाधप पडतायत. पॅटिओवर काळे डाग पडले, मुलाचे बूट गेले, लॉन कापणं अवघड झालंय. फळं फोडली तर सालीत अळ्या. उन्हाळ्यात झाडाजवळ लावलेले टोमॅटो आणि वांगी जुलैतच माना टाकून बसली. कुत्रा ही फळं तोंडात घेऊन फिरतो. ती खायची असतात की टाकायची? शेजारी सांगतात, झाडच विका, लाकडाचे भरपूर पैसे येतात. काय करावं?

उत्तर:

टोमॅटोची गोष्ट वेगळी, तिच्याकडे नंतर येते. बाकी डाग, अळ्या, कुत्रा, लॉन या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे. फळ जमिनीवर पडल्यापासून त्याची हिरवी साल निघेपर्यंत किती दिवस गेले, यावर सगळं ठरतं. साल ताजी हिरवी असताना उचललेलं फळ म्हणजे अक्रोड. तेच आठ-पंधरा दिवस गवतात कुजलं की घाण. म्हणून खायचं ठरवा किंवा टाकायचं, दर दोन-तीन दिवसांनी आवार वेचून काढणं चुकत नाही. आठवडाभर साठू दिलंत तर काम दुप्पट होत नाही, चौपट होतं, कारण मग फळं उचलायची नसतात, खरवडायची असतात.

वेचायला वाकू नका. तारेच्या लंबगोल पिंजऱ्याला लांब दांडा लावलेलं एक साधन इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं, नट गॅदरर म्हणून मागा. गवतावरून फिरवलं की तारा फाकतात, फळ आत जातं, तारा पुन्हा मिटतात. भरलं की बादलीच्या काठावर तारा फाकवून रिकामं करायचं. साइझ मात्र बघून घ्या. बलूत किंवा पेकानसाठीचा लहान पिंजरा इथे कामाचा नाही, सालीसकटचं फळ दोन-अडीच इंचांचं असतं. न वेचता मोअर फिरवणं हा सर्वांत वाईट उपाय. पात्याखाली आलेला अक्रोड दगडासारखा उडतो, खिडकी फोडतो, आणि जवळ मूल असेल तर पुढचं सांगायला नको. लपून राहिलेल्या फळावर पाय पडून घोटा मुरगळतो तो वेगळाच. हंगाम संपेपर्यंत गाडीही झाडाखाली लावू नका.

आता डाग. हिरव्या सालीत एक रंगहीन द्रव्य असतं. साल फुटून त्याला हवा लागली की त्याचं जुग्लोन होतं आणि रंग पिवळा, मग तपकिरी, मग जवळजवळ काळा होत जातो. बिब्ब्याचं तेल अंगाला किंवा कपड्याला लागलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हा डाग कोणत्या जातीचा ते लगेच कळेल. हाताला लागला तर साबण, लिंबू, अ‍ॅसिटोन, काही चालत नाही. कातडी झिजून नवी येते तेव्हाच तो जातो, म्हणजे आठवडा, कधी दोन आठवडे. काहींच्या कातडीला आगही होते. त्यामुळे जाड रबरी हातमोजे, जुने कपडे आणि फेकून द्यायच्या लायकीचे बूट हा या कामाचा गणवेश. डॉक्टरकडचे पातळ मोजे दहा मिनिटांत फाटतात. मुलाच्या बुटांचा नाद सोडा, ते आता अंगणातले बूट.

पॅटिओच्या काँक्रीटवरचा डाग ताजा असेल तर निघतो, मुरलेला फक्त फिका होतो. सोडियम परकार्बोनेट असलेली ऑक्सिजन ब्लीचची पावडर गरम पाण्यात कालवा, डागावर घट्ट ओता, पंधरा-वीस मिनिटं ओली राहू द्या, मग ताठ ब्रशने घासून धुवा. दोन-तीन वेळा करावं लागेल. नेहमीच्या क्लोरीनच्या ब्लीचनेही काम होतं, फक्त त्यात अमोनिया असलेलं कोणतंही क्लीनर चुकूनसुद्धा मिसळू नका, विषारी वायू होतो. तुमच्याकडे पेव्हर्स असतील तर आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर करून बघा, रंगीत फरशीचा मूळ रंगही उडू शकतो.

सालीतल्या अळ्या बघून बहुतेक घरं हात झटकतात. ती वॉलनट हस्क फ्लाय नावाच्या माशीची अळी. माशी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात हिरव्या सालीत अंडी घालते, अळ्या सालीचा लगदा करतात आणि नंतर मातीत शिरून तिथे हिवाळा काढतात. त्या आतलं कवच फोडून गरात जात नाहीत. म्हणजे सालीत अळी दिसली म्हणून अक्रोड नासला असं नाही. पण काळा लगदा कवचाला चिकटून बरेच दिवस राहिला, तर त्याचा रंग आणि कडवट वास आत झिरपतो, गर काळपट पडतो. पुन्हा तेच, वेळ. शिवाय अळ्या मातीत उतरायच्या आत फळं आवारातून हलवली तर पुढच्या वर्षीच्या माश्याही कमी होतात. एवढ्या उंच झाडावर फवारणी करायच्या भानगडीत पडू नका. आवारातल्या एकट्या झाडासाठी तो खर्च आणि तो धोका, दोन्ही परवडणारे नाहीत.

कुत्र्याकडे मात्र आजच लक्ष द्या. ओल्या गवतात पडून बुरशी आलेल्या अक्रोडांमध्ये पेनिट्रेम ए हे विष तयार होऊ शकतं. ते कुत्र्याच्या पोटात गेलं की उलट्या, अंग थरथरणं, तोल जाणं आणि शेवटी झटके, असा क्रम असतो, आणि तो काही तासांत येतो. थरथर दिसली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं आणि काय खाल्लं असावं ते सांगायचं. अख्खं फळ गिळलं तर आतड्यात अडकण्याचा धोका वेगळा. घोडे पाळणारा कोणी ओळखीचा असेल तर त्यालाही सांगा, काळ्या अक्रोडाचा भुसा घोड्याच्या पागेत अंथरला तर त्याचे पाय सुजतात, खुरांच्या आत दाह होतो, म्हणजे लॅमिनायटिस. तुमच्या झाडाच्या फांद्या कापल्यात तर तो भुसा कोणाच्या तबेल्यात जाणार नाही एवढं बघा.

बरं, खायचे की नाही? खायचे. पण सगळे नाही. पहिल्याच वर्षी झाडाखालचं सगळं सोलून ठेवायचा संकल्प करणारे लोक ऑक्टोबरअखेर गॅरेजमधल्या कुजक्या ढिगाकडे बघायचं टाळतात, हे मी इथल्या बऱ्याच मराठी घरांत पाहिलंय. दोन बादल्या घ्या. सर्वांत चांगली, मोठी, नुकतीच पडलेली फळं निवडा, बाकीची निमूट यार्ड वेस्टमध्ये, म्हणजे गाव उचलून नेतं त्या पाल्याच्या कचऱ्यात, जाऊ द्या. काळा अक्रोड चांगलं पीक दरवर्षी देत नाही, एका भरघोस वर्षानंतर एक-दोन वर्षं हात आखडतो. तेव्हा यंदा जे दिसतंय ते दरवर्षीचं समजू नका.

निवडायची खूण सोपी. हिरवट-पिवळ्या फळावर अंगठा दाबा. ठसा उमटला की फळ तयार. टणक असेल तर दोन दिवस बादलीत राहू द्या. पूर्ण काळं, पिचपिचीत फळ घेऊ नका. जूनमध्ये पडलेली सुपारीएवढी फळं मात्र किडीने किंवा परागण न झाल्याने गळलेली असतात, त्यांत काही नसतं. आणि ऑगस्टपासूनच पानं पिवळी पडून गळत होती असं तुमच्या लक्षात आलं असेल तर तो अँथ्रॅक्नोज, पावसाळी उन्हाळ्यात या झाडाला नेहमी होणारा बुरशीचा रोग. झाड त्याने मरत नाही, पण पानं लवकर गेली की गर नीट भरत नाही, त्या वर्षी पोकळ अक्रोड जास्त निघतात.

सोलायची जागा गवतावर, पण भाजीच्या वाफ्यापासून लांब निवडा. फळ जमिनीवर ठेवायचं, जाड तळव्याच्या बुटाची टाच त्यावर टेकवायची आणि वजन देत पाय पुढे ढकलायचा. साल एका बाजूने चिरते, सालीचा आतला पिवळसर भाग उघडा पडतो आणि बघता बघता तपकिरी होऊ लागतो. मोजे घातलेल्या हाताने दोन्ही भाग ओढून काढले की आत काळा, खोल खाचांचा, तंतू लोंबणारा अक्रोड मिळतो. वास तीव्र असतो, थोडा लिंबाच्या पानांसारखा, थोडा आयोडीनसारखा, मला आवडतो, आमच्या घरात दुसऱ्या कोणाला नाही. सोललेले अक्रोड बादलीत टाका, पाइपने पाणी सोडा आणि जुन्या फावड्याच्या दांड्याने जोरात ढवळा. पहिलं पाणी शाईसारखं निघतं. ते ओतून द्या, पुन्हा भरा. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला खाचांतले तंतू सुटतात.

या धुण्यातच निवड होऊन जाते. पाण्यावर तरंगणारे अक्रोड काढून टाका, ते आतून पोकळ किंवा अर्धवट भरलेले असतात. बुडालेले ठेवा. ही परीक्षा साल काढल्यानंतरच करायची, सालीसकटच्या फळावर तिचा भरवसा नाही. ओतलेलं पाणी तळ्यात, ओढ्यात किंवा माशांच्या टाकीजवळ जाऊ देऊ नका. या प्रदेशातले मूळ रहिवासी हीच साल पाण्यात टाकून मासे गुंगवून पकडत असत. आज तसं करणं बेकायदा आहे, आणि शेजाऱ्याच्या कोई माशांवर प्रयोग झाला तर संबंध कायमचे बिघडतील.

गाडीच्या चाकाखाली फळं घालून सोलण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. खडीच्या रस्त्यावर तो चालतो, शेतकरी तसं करतातही. तुमच्या काँक्रीटच्या ड्राइव्ह-वेवर मात्र डागांचा नवा कारखाना सुरू होईल. जास्त माल असेल तर सिमेंट कालवायचा छोटा मिक्सर भाड्याने आणून त्यात अक्रोड, पाणी आणि मूठ-दोन मूठ खडी घालून फिरवतात, साल काढलेले अक्रोड लखलखीत निघतात. इथल्या अ‍ॅमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या पंथाच्या, भागात मक्याच्या कणसाचे दाणे काढायची जुनी हातयंत्रं मिळतात, काही लोक त्यानेही सोलतात. दोन बादल्यांसाठी टाच पुरे.

वाळवणं हा भाग उरकू नका. धुतलेले अक्रोड जाळीच्या तळाच्या ट्रेमध्ये किंवा कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत ठेवा. दोन-तीन थरांपेक्षा जास्त रचू नका. जागा सावलीची आणि हवेशीर, गॅरेजमध्ये पंखा लावला तर उत्तम. आपल्याकडे पापड-कुरडया वाळवायची सवय असल्याने हात आपोआप कडक उन्हाकडे वळतो, इथे ते टाळा. उन्हाने कवच तडकतं आणि गरातलं तेल लवकर खवट होतं. ओव्हनमध्ये तर मुळीच नको. दोन ते तीन आठवड्यांत अक्रोड तयार होतात, दमट शरद असेल तर थोडा जास्त वेळ. एखादा फोडून बघा, गर वाकला तर अजून ओला आहे, कट्कन मोडला तर झाला. घटस्थापनेच्या सुमारास सोललेले अक्रोड दिवाळीच्या फराळाला बरोबर हाताशी येतात, आमच्या घरी हाच हिशेब असतो. गॅरेजचं दार मात्र बंद ठेवा. खारींना एकदा पत्ता लागला की सकाळी रिकामे ट्रे मिळतात, आणि तुमचे अक्रोड शेजाऱ्याच्या ट्युलिपच्या वाफ्यात पुरलेले असतात.

खारींबद्दल जाता जाता. त्या पुरतात, विसरतात आणि वसंतात त्याची रोपं येतात. रोप वीतभर असतानाच उपटा. काळ्या अक्रोडाचं सोटमूळ पहिल्याच वर्षी खोल जातं, दुसऱ्या वर्षी ते कुदळीशिवाय निघत नाही. घराच्या पायाजवळ आलेलं रोप तर तिथे दिसताक्षणी काढा.

फोडायचं काम सर्वांत कष्टाचं. दुकानातल्या अक्रोडाच्या मानाने याचं कवच कितीतरी जाड आणि कठीण, गर त्याच्या खाचाखोचांत अडकलेला. नेहमीचा नटक्रॅकर वाकतो. आजीचा अडकित्ता तर आणूच नका. आदल्या दिवशी अक्रोड दोनेक तास पाण्यात भिजवा, निथळून झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्यासह रात्रभर ठेवा. यामुळे गर थोडा लवचीक होतो आणि फोडताना त्याचा चुरा कमी होतो. नंतर लोखंडी व्हाइसमध्ये टोकाकडून टोकाकडे धरून हळूहळू आवळा, किंवा विटेवर उभा, टोकाची बाजू वर करून हातोड्याने एक नेमका घाव घाला. डोळ्यांवर चष्मा हवाच, कवचाचे तुकडे धारदार असतात आणि लांब उडतात. फुटलेल्या तुकड्यांत अडकलेला गर काढायला तार कापायची पक्कड सर्वांत उत्तम, कवचाच्या भिंती एकेक करून तोडत गेलं की बऱ्यापैकी मोठे तुकडे हाती येतात. ते कोरडे पुसून पुन्हा दिवसभर हवेवर ठेवा.

अपेक्षा किती ठेवायची ते आताच सांगते. रानातल्या, कलम न केलेल्या झाडाच्या अक्रोडात साल काढल्यानंतरच्या वजनाच्या सहा-सात टक्केच गर हाती लागतो. शंभर पौंड सोललेल्या अक्रोडांतून सहा-सात पौंड. तुमच्या दोन बादल्यांतून दिवाळीला एक-दोन पदार्थ होतील, वर्षाचा साठा होणार नाही. ‘थॉमस’, ‘एम्मा के’ अशा कलमी जातींचं कवच पातळ असतं आणि गर कितीतरी अधिक निघतो, पण तुमचं झाड तसं असण्याची शक्यता फार कमी, ते बहुधा कोणा खारीनेच लावलंय.

चव? दुकानातला अक्रोड, म्हणजे कॅलिफोर्नियाचा किंवा आपल्याकडचा काश्मिरी, ही वेगळी जात. काळा अक्रोड तिखट वासाचा, मातकट, जरासा दारूसारखा लागतो. अमेरिकेत त्याचं आइस्क्रीम पिढ्यान्‌पिढ्या खपतंय आणि तरीही निम्म्या लोकांना तो सोसत नाही. शिऱ्यात किंवा केशर घातलेल्या कशातही घालू नका, केशर कुठे गेलं ते कळणार नाही. गूळ त्याला फार छान सोसतो. खजूर-अक्रोडाच्या लाडवांत नेहमीच्या अक्रोडांच्या चौथाईभर हे मिसळा. चिक्कीत शेंगदाण्याबरोबर चालतात. माझी स्वतःची आवड म्हणजे लसूण, सुकं खोबरं आणि लाल तिखटाच्या चटणीत शेंगदाण्यांऐवजी हे घालणं, भाकरीबरोबर ती चटणी दुसऱ्या दिवशी उरत नाही. भाजताना मंद आंच, अगदी थोडा वेळ, नाहीतर कडवटपणा येतो. गर निवडताना बोटांनी प्रत्येक तुकडा चाचपा. कवचाचा बारीकसा कण लाडवात गेला तर दाताच्या डॉक्टरचं बिल येईल. खाऊ घालण्याआधी पाहुण्यांना सांगाही, ज्यांना अक्रोडाची अ‍ॅलर्जी आहे त्यांना हाही चालत नाही.

साठवण फ्रीझरमध्ये. गरात तेल भरपूर असतं आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात ते काही आठवड्यांत खवट होतं. घट्ट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला तर वर्षभर चांगला राहतो. न फोडलेले, नीट वाळलेले अक्रोड थंड, कोरड्या बेसमेंटमध्येही वर्ष काढतात, म्हणून मी एकदम सगळे फोडत नाही.

फोडायची अजिबात हौस नसेल आणि माल पिकअपभर असेल तर विकायचाही एक मार्ग आहे. मिसुरी राज्यातल्या स्टॉक्टन गावची हॅमन्स ही कंपनी १९४६ पासून रानातले काळे अक्रोड विकत घेत आली आहे. मिसुरीत आणि आसपासच्या राज्यांत ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून साल काढायच्या यंत्रांची केंद्रं लागतात. लोक आवारातले, शेताच्या बांधावरचे अक्रोड पोत्यांत भरून आणतात, यंत्र साल काढतं आणि साल गेल्यावर जे उरतं त्याचं वजन करून पैसे मिळतात. अलीकडच्या हंगामांत दर शंभर पौंडांना पंधरा-वीस डॉलरच्या आसपास असायचा. ओहायोतल्या केंद्राची आधी फोनवर चौकशी करा, आणि पेट्रोलचा हिशेब करा. एका झाडासाठी तासभर गाडी चालवणं खिशाला परवडत नाही, मुलांना दाखवायला म्हणून जायला हरकत नाही. तिथे काहीच वाया जात नाही. कवच दळून धातू घासायला, यंत्रांचे भाग स्वच्छ करायला, अगदी तेलविहिरींच्या खोदकामातसुद्धा वापरतात.

उरलेल्या सालींचं काय? काही थोड्या ठेवा. पाण्यात तासभर उकळून गाळलं की गडद तपकिरी रंग मिळतो. सुती आणि लोकरी कापडाला तो तुरटी न लावताही पकडतो, मुलांच्या शाळेच्या प्रकल्पाला चांगला विषय आहे. जुनं पातेलं वापरा, ते पुन्हा स्वयंपाकात येणार नाही. बाकी सगळं गावाच्या यार्ड वेस्टमध्ये, कागदी पिशव्यांऐवजी कडक डब्यात भरून, कारण ओल्या सालींनी पिशवीचा तळ गळून पडतो. डबा अर्धाच भरा, त्याचं वजन भलतंच होतं. कंपोस्ट करायचं असेल तर या ढिगाचं वेगळं ठेवा. हवा, पाणी आणि जिवाणू मिळाले की पानांमधलं जुग्लोन दोन ते चार आठवड्यांत विघटित होतं, मातीत मिसळलेलं असेल तर दोनेक महिने लागू शकतात. लाकडाच्या भुशाला निदान सहा महिने द्या. खात्री करायची तर त्या कंपोस्टमध्ये टोमॅटोचं एक रोप लावून बघा. ते आठवडाभर ताठ राहिलं तर कंपोस्ट वापरायला हरकत नाही.

आणि आता ते टोमॅटो. १९२५ साली ए. बी. मॅसी यांनी अक्रोडाच्या मुळांजवळ टोमॅटो आणि बटाटे कोमेजतात यावर लिहिलं, तेव्हापासून हा विषय बागकामाच्या प्रत्येक पत्रकात आहे. मुळं, साल, पानं सगळीकडे जुग्लोन असतं आणि टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची या एकाच कुळातल्या झाडांना ते सोसत नाही, असं सर्वसाधारण मत. म्हणजे मराठी स्वयंपाकघराला लागणारं नेमकं तेवढंच. ब्लूबेरी आणि अझेलियाही याच यादीत येतात. दुसरी बाजूही सांगते. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी २०१९ मध्ये हा सगळा पुरावा तपासून लिहिलं की प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष बागेत, जुग्लोनमुळेच झाडं मरतात हे नीट सिद्ध झालेलं नाही. मोठ्या झाडाची सावली आणि त्याची पाण्याची भूक हेही कारण असू शकतं. वाद चालू द्या. तुमच्यासाठी निष्कर्ष दोन्हीकडून एकच निघतो, त्या झाडाच्या मुळांच्या टापूत टोमॅटो लावायचे नाहीत. आणि तो टापू फांद्यांच्या घेरापुरता नसतो, पूर्ण वाढलेल्या झाडाची मुळं बुंध्यापासून पन्नास-साठ फूट, कधी ऐंशी फुटांपर्यंत जातात.

तिथे काय लावायचं? घेवडा, मका, गाजर, बीट, कांदा आणि लाल भोपळा सोसणाऱ्यांत मोडतात, अर्थात ऊन मिळत असेल तर. सावलीच्या बाजूला होस्टा आणि डेलिली निर्धास्त लावा. टोमॅटो, वांगी, मिरच्या मोठ्या कुंड्यांत घ्या, आणि कुंड्या काँक्रीटवर ठेवा. उंच वाफा करायचा असेल तर खाली जाड कापड अंथरलंत तरी दोन-तीन वर्षांत मुळं वर शिरतातच. कुंड्यांत पडलेली पानं-फळं रोज काढा.

राहिला झाड विकायचा प्रश्न. काळ्या अक्रोडाचं लाकूड खरंच मोलाचं, फर्निचर आणि बंदुकांचे दस्ते त्याचेच करतात, आणि रानातल्या सरळ, जाड, फांद्या नसलेल्या खोडाला चांगली किंमत येते. आवारातलं झाड मात्र बहुतेक वेळा बुटक्या खोडाचं आणि खालपासून फांद्या फुटलेलं असतं, कारण त्याला चहूबाजूंनी ऊन मिळालेलं असतं. त्यात आधीच्या मालकांनी ठोकलेले खिळे, कपड्यांच्या दोरीचे हुक, झोक्याची साखळी. करवतीचं पातं मोडतं म्हणून सॉ मिलवाले आवारातल्या खोडाला हातच लावत नाहीत. घराजवळचं असं झाड सुरक्षित पाडायचा खर्च लाकडाच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो. दारात येऊन ‘झाड फुकट पाडून देतो आणि वर पैसेही देतो’ म्हणणाऱ्याशी सही करू नका. आधी त्याच्या विम्याचा कागद बघा आणि राज्याच्या वनखात्याच्या किंवा काउंटी एक्स्टेंशनच्या (विद्यापीठाच्या शेती-सल्ला कार्यालयाच्या) माणसाचं मत घ्या. कापलेलं लाकूड, विशेषतः सालीसकट, दुसऱ्या राज्यात नेण्यावर निर्बंध असू शकतात. थाउजंड कँकर्स नावाचा रोग बारीक भुंग्याबरोबर पसरतो, आणि २०१० मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला तो सापडल्यापासून पूर्वेकडची राज्यं सावध आहेत.

झाड सशक्त असेल आणि फांद्या छपरावर नसतील तर मी पाडणार नाही. छपरावर किंवा ड्राइव्ह-वेवर झुकणाऱ्या दोन-तीन फांद्या प्रमाणित आर्बोरिस्टकडून, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाकडून, कमी करून घ्या, तेवढ्याने निम्मा त्रास जातो. ही छाटणी हिवाळ्याच्या अखेरीला किंवा वसंतात करू नका, त्या काळात या झाडाच्या जखमांतून रस वाहत राहतो. टोमॅटोसाठी म्हणून तर झाड मुळीच तोडू नका. झाड गेलं तरी जमिनीतली मुळं कुजेपर्यंत जुग्लोन काही वर्षं तिथेच राहतं, आणि तोवर तुम्हाला टोमॅटो कुंडीतच लावावे लागतील.